राखण

पोळा झाला की मी संध्याकाळचा पाझर तलावाच्या भरावावर जाऊन बसतो. बैल आता दारात नाहीत, मातीचेच पुजतो, पण पोळा डोक्यातून जात नाही. पोळ्याच्या आगेमागे भोरड्या येतात. कधी चार दिवस आधी, कधी आठ दिवस नंतर. दिवस मावळायच्या आधी अर्धा तास पश्चिमेकडं बघत बसायचं. आधी काहीच नसतं. मग डोंगराच्या कडेवर धूर निघाल्यासारखं दिसतं. तो धूर वाऱ्याच्या उलट दिशेनं यायला लागला की समजायचं, आल्या.

पहिला थवा लहान असतो, शे-दोनशेचा. बरीचशी त्या सालची पोरं असतात, मातकट रंगाची, नुसती साळुंकी वाटावी अशी. पाणकणसाच्या बेटावरून दोन घिरट्या घालतात आणि दगड टाकल्यासारखा सगळा थवा एकदम खाली बसतो. मग जो कलकलाट होतो तो आठवडी बाजारासारखा. अंधार पडला की एकाएकी गप्प. मी घरी येतो आणि वहीत तारीख लिहितो. या वह्या मी १९८८ पासून ठेवल्यात. त्या का ठेवल्या हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. ते इथं सांगणार आहे, पण आधी भोरडी आणि ज्वारीचं जुनं नातं सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याला अर्थ नाही.

आमचा भाग परांडा तालुक्याचा. एकीकडं सीना नदी, दुसरीकडं बालाघाटाचे उतार. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत इथं निजामाचं राज्य. पाऊस बेभरवशाचा, पण जमीन काळी आणि खोल. भाद्रपदात, आश्विनात शेवटचा पाऊस जिरला की ज्वारी पेरायची आणि ती नुसत्या ओलीवर, थंडीवर आणि दवावर पिकायची. तिला वरून पाणी लागत नाही. म्हणून हा सगळा मुलूख, आमच्यापासून बार्शी, करमाळा, मोहोळ, मंगळवेढ्यापर्यंत, जोंधळ्याचा. मालदांडीची जी निवड पुढं सगळीकडं गेली ती मोहोळच्या केंद्रात स्वातंत्र्याच्या आधीच झालेली. त्याशिवाय आमच्या घरी दगडी होती आणि हुरड्यासाठी बांधाकडंला गूळभेंडीच्या चार ओळी. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारी ६० लाख हेक्टरांच्या वर होती. हा आकडा मी मोठेपणी वाचला. लहानपणी एवढंच माहीत होतं की माळवदावर उभं राहिलं की चहूकडं नजर जाईल तिथवर ज्वारीच.

एवढं धान्य उघड्यावर उभं असताना ते खायला कुणीतरी येणारच. भोरडीला पुस्तकात गुलाबी मैना म्हणतात, काही ठिकाणी पळसमैना. अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळं, डोक्यावर मागं वळलेली शेंडी. ती आपल्याकडं अंडी घालत नाही. तिचं घर मध्य आशियात, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान या बाजूच्या गवताळ मैदानात. तिथं दगडांच्या खबदाडीत हजारोंनी एकत्र घरटी करते. पिलांना भरवते ते मुख्यतः टोळ आणि नाकतोडे. जिथं टोळ फार, तिथं त्या वर्षी भोरड्यांची वस्ती फार. मे-जूनमध्ये पिलं काढून उरकली की लगेच निघते. म्हणून इतर पाहुणे पाखरं थंडीला येतात, ही पावसातच येऊन टेकते. अडीच-तीन हजार किलोमीटर उडून. आणि जाते ती एप्रिलात, पळस-पांगरा फुलून गेल्यावर. आपल्याकडं ती आठ-नऊ महिने असते. म्हणजे तिथं ती बाळंतपणाला जाते आणि राहायला आपल्याकडं असते, असं म्हटलं तर चुकणार नाही.

हे सगळं मला चाळिशीनंतर कळलं. आमच्या लहानपणी भोरडी म्हणजे चोर. एवढीच तिची ओळख.

ज्वारी निसवली, दाण्यात चीक भरला की राखण सुरू. मार्गशीर्ष-पौषात. शेताच्या मध्यावर चार मेढी रोवून, वर फळ्या नाहीतर तुराट्या बांधून माळा घालायचा. कणसाच्या वर पुरुषभर उंच. त्याच्यावर राखण्या. मोठी माणसं दुसऱ्या कामात, म्हणून राखण्या म्हणजे घरातलं पोरगं, नाहीतर म्हातारं. पाखरं सूर्य उगवायच्या आधी वसतीवरून उठतात, उगवताना शेतात असतात. म्हणून आपण त्यांच्या आधी माळ्यावर पाहिजे. पहाटेचं दव इतकं की ज्वारीतून चालत माळ्यापर्यंत गेलं की कंबरेपर्यंत भिजायचं. अंगावर घोंगडं, मुठीत गोफण. दहाएक वाजेपर्यंत जोर, मग दुपारी पाखरं झाडांवर सावलीला जातात. तीन वाजल्यापासून पुन्हा दिवस मावळेपर्यंत.

गोफण दोर वळणारे मातंग बलुतेदार करून द्यायचे. अंबाडीच्या वाखाची. मध्ये विणलेला खोपा, दोन बाजूंना दोन दोऱ्या. एका दोरीच्या फासात बोट अडकवायचं, दुसरी नुसती चिमटीत धरायची, डोक्यावरून दोन वेढे फिरवून चिमटीतली सोडायची. गोटा सुटतो आणि सुटलेल्या दोरीचं टोक हवेत फटाक् वाजतं. खरं काम तो आवाजच करतो. गोटा लागून पाखरू मेलेलं मी आयुष्यात दोनदा पाहिलं. दगड मारायचे नाहीत, कारण तेच दगड पुढं काढणीत विळ्याला लागतात. काळ्या मातीचे लाडू करून उन्हात वाळवायचे, तेच गोटे. शिवाय रिकामा डबा, आणि गळा. एका शेतातला हाकारा दुसऱ्यानं उचलायचा, दुसऱ्याचा तिसऱ्यानं. सगळ्या शिवारात हाकाऱ्याची लाट फिरायची आणि तिच्या पुढं पुढं भोरड्यांची लाट.

आता ही लाट नीट समजून घ्या, कारण तिच्यात सगळं गणित आहे. शिवारात पाचशे एकर ज्वारी असेल आणि पाखरं दहा हजार असतील, तर ती एका जागी बसू शकत नाहीत. इथून हाकललं, तिथं बसली. तिथून हाकललं, पुढं गेली. प्रत्येक शेतात दोन-चार मिनिटं. प्रत्येकाचं थोडं थोडं गेलं, बुडाला कुणीच नाही. राखण असायची एकेकाची, पण नुकसान वाटलं जायचं सगळ्या गावात. पाखरांचा वाटा हा बलुत्यासारखाच होता, फक्त तो कुणी मोजून देत नव्हतं.

या राखणीनं माझी शाळा बरीच खाल्ली. दुसरीपासून पाचवीपर्यंत पौष महिन्यात मी शाळेत जवळजवळ नसायचोच. एकटा मी नाही, निम्मा वर्ग माळ्यावर असायचा. गुरुजी शेताच्या बांधावरून जाताना हाक मारायचे, पाढे म्हणायला लावायचे. मी वरून सतराचा पाढा म्हणायचो. तेवढ्यात तिकडून थवा उतरला तर पाढा सोडून गोफण फिरवायची. गुरुजी हसत पुढं जायचे. ते स्वतः शेतकऱ्याचेच होते.

आजी तुकोबांची गोष्ट सांगायची. देहूला कुणा शेतकऱ्यानं तुकोबांना शेत राखायला माळ्यावर बसवलं. पाखरं आली. तुकोबांच्या मनात आलं, ही भुकेली आहेत, आपण यांना हाकलणारे कोण? ते नामस्मरण करत बसले आणि पाखरांनी यथेच्छ खाल्लं. मालकानं येऊन बघितलं, भांडण केलं, पंचांपुढं नेलं. पण मळणी झाली तेव्हा रास नेहमीपेक्षा कितीतरी मोठी भरली. महिपतींनी लिहिलेली ही कथा घरोघर माहीत होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, ती ऐकून म्हणायचे, "तुकोबांची गोष्ट येगळी. तू गोफण फिरव." मला दोघांचंही खरं वाटायचं. शेतकऱ्याच्या घरात दोन्ही गोष्टी एकाच चुलीपुढं बसतात, त्यात काही अडचण येत नाही.

आणि पाखरांचा वाटा घरात ठरलेलाही होता. काढणी झाली की आई पाच-सहा चांगली टपोरी कणसं निवडून, जुडी बांधून ओसरीच्या वाशाला टांगायची. चिमण्यांना. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आम्ही सगळे शेतात जायचो. कडब्याची कोप, तिच्यात पांडव मांडलेले, अंबिलीचा घट, भज्जी, बाजरीचे उंडे. आप्पा अंबील शिंपत शेताला फेरा मारायचे. त्या एका दिवशी गोफण माळ्यावरच ठेवलेली असायची. कुणी तसा नियम केला नव्हता. जेवायला माणसं आलेली असताना दारातल्याला हाकलू नये, एवढंच.

मग ७२ साल आलं. त्याआधीची दोन वर्षंही धड नव्हती, पण ७२ ला पावसानं पूर्ण पाठ फिरवली. पेरणी केलेलं उगवलं नाही, पुष्कळांनी पेरलंच नाही. पेवं रिकामी झाली. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, वर अरुंद तोंड, आत मोठं पोट. आमच्या पेवाचं तोंड उघडून आप्पा आत उतरले आणि तळ झाडून दोन पायल्या जोंधळा घेऊन वर आले, ते मला दिसतं. त्या साली भोरड्या आल्या, पोळ्यालाच आल्या, पण आठवड्याच्या आत निघून गेल्या. शिवारात हिरवं पातंही नव्हतं. मी बारा वर्षांचा होतो. राखायला काही नव्हतं म्हणून खडी फोडायला गेलो.

दुष्काळी कामावर आमचं सगळं घर होतं. गावाच्या वरच्या अंगाला ओढा अडवून पाझर तलाव करायचं काम निघालं. हजारो माणसं. आई पाट्या वाहायची, आप्पा खोदायचे, आम्ही पोरं खडीच्या ढिगावर. दुपारी सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळाली, तिला मिलो म्हणायचे. तिच्या भाकरीला ना वास ना चव, थापताना तुटायची. पण तिनं माणसं जगवली, हे विसरता येत नाही. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ही पाखरांनी तरी खाल्ली आसती का, देव जाणं." ७५ च्या पावसाळ्यापर्यंत तलावात चांगलं पाणी साठायला लागलं. काठानं वेडी बाभूळ वाढली, उथळ भागात पाणकणीस माजलं. आज भोरड्या रात्रीला उतरतात ती हीच जागा. माझ्या आईनं डोक्यावर वाहिलेल्या मातीच्या भरावावर बसून मी त्यांना बघतो.

१९७६ ला मी दहावी झालो आणि शेतीत आलो. तोपर्यंत हायब्रीड ज्वारी सगळीकडं झालेली. सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण १९६४ चं, पण आमच्याकडं ते दुष्काळानंतर खऱ्या अर्थानं आलं. ठेंगणी, खरिपात पेरायची, शंभर दिवसांत हातात. खायला बेचव, कडबा आखूड, आणि कापणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडायचा. पण पोट भरलं, त्याला नावं ठेवणार नाही. भोरड्यांच्या दृष्टीनं मात्र मोठा बदल झाला. पूर्वी त्या आल्यावर दोन-तीन महिने किडे, नाकतोडे, बोरं, वडा-पिंपळाची फळं खाऊन राहायच्या, दाणा मार्गशीर्षात मिळायचा. आता त्या येतात तेव्हाच हायब्रीड भरात. राखण दोन महिन्यांची होती ती चार-पाच महिन्यांची झाली. आणि राखायला माणूस राहिला नाही. पोरं शाळेत गेली, ती जायलाच पाहिजे होती. मजूर ठेवावा तर परवडेना. माळे हळूहळू मोडले. त्या जागी बुजगावणी आली, मग चमकणाऱ्या फिती आल्या. पाखरं दोन दिवस भितात, तिसऱ्या दिवशी बुजगावण्याच्या डोक्यावर बसतात.

आता ८६ सालची गोष्ट. तेव्हाही लागोपाठ वर्षं कमी पावसाची होती. विहिरीला थोडं पाणी होतं म्हणून मी एकर-सव्वा एकर मालदांडी जगवली. आजूबाजूची कोरडवाहू ज्वारी वाळून गेलेली. माझं शेत एकटं हिरवं, त्यामुळं तालुक्यातली सगळी भोरडी माझ्याच शेतावर. सकाळी डोळ्यांदेखत पिवळी कणसं पांढरी पडायची. पहिलं पोरगं तेव्हा सहा महिन्यांचं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. चार दिवस मी आणि बायको गोफण, डबा, फटाके, सगळं करून दमलो. पाचव्या दिवशी मी तालुक्याहून कीटकनाशकाची बाटली आणली. भरड्याला चोळलं आणि रात्री बांधाच्या कडेनं पसरून आलो. कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या गावात कुणीतरी केलं असं कानावर आलं होतं, तेवढंच. वन्यजीव संरक्षणाचा कायदा ७२ सालीच झालेला, पण तो आमच्यापर्यंत पोचला नव्हता, आणि पोचला असता तरी त्या रात्री मी ऐकलं असतं असं मी म्हणणार नाही.

सकाळी गेलो. बांधावर पडल्या होत्या. किती ते मी मोजलं नाही. काही मेल्या होत्या, काही पंख हलवत होत्या. भोरड्या होत्या, तशा चिमण्या होत्या, होले होते. दोन लावे. ओढ्याला पाणी प्यायला गेलेल्या काही पाण्यातच. मला वाटलं होतं, शेत वाचल्यावर बरं वाटेल. शेत शांत होतं, पण बरं काही वाटेना.

आई माझ्या मागून भाकरी घेऊन आली होती. तिनं पाहिलं. ओरडली नाही. पाटी घेतली आणि एकेक पाखरू उचलून त्यात टाकायला लागली. मी पुढं झालो तर म्हणाली, "तू नको हात लावू." विहिरीपासून लांब खड्डा तिनं स्वतः खणला, मला फक्त खोरं आणू दिलं. माती लोटून झाल्यावर म्हणाली, "बाबा, त्यांनी आपल्या पेवात हात न्हाई घातला. कणसावरच खाल्लं, उजेडी खाल्लं. पाव्हण्याला इख घातलंस तू." त्या रात्री ती जेवली नाही. त्यानंतर ती चौदा वर्षं जगली, हा विषय पुन्हा कधी तिनं काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

ज्वारी सात पोती झाली. कर्जाचा हप्ता गेला. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हिशोब अर्धा राहील.

दुसऱ्या वर्षी मी त्याच शेतात हरभरा केला. घाटेअळी पडली. अशी की दोन फवारण्या करून आटोपली नाही. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या धनगरानं बांधावर मेंढरं थांबवली आणि मला विचारलं, "औंदा भोरडी दिसत न्हाई तुझ्या वावरात?" तो म्हणाला, मेंढरं चरायला लागली की भोरड्या त्यांच्या पायात पायात चालतात, उडालेला नाकतोडा टिपतात. हरभऱ्यात उतरल्या की घाट्यातली अळी काढून खातात. त्यानं ते शिकवायला म्हणून सांगितलं नव्हतं, सहज बोलला. माझ्या इखामुळंच अळी पडली असं मी म्हणत नाही. अळी त्या साली पुष्कळांच्या शेतात होती. पण मी आयुष्यात पहिल्यांदा भोरडी दाण्याशिवाय आणखी काय खाते हे बघायचं ठरवलं. ८८ च्या पोळ्याला वही घातली.

वहीमुळं वाचायला लागलो. तालुक्याच्या वाचनालयात सालिम अलींचं पुस्तक मिळालं, नंतर सोलापूरच्याच मातीतले मारुती चितमपल्ली वाचले, त्यांचा पक्षिकोश पोरानं आणून दिला. तेव्हा कळलं की या पाखराच्या शास्त्रीय नावातला 'पास्टर' हा लॅटिन शब्द म्हणजे मेंढपाळ. दोनशे वर्षांमागं युरोपातल्या पंडितानं ते नाव दिलं, कारण त्यांनाही ही जात कळपाच्या मागं चालताना दिसली. माझ्या धनगरानं बांधावर सांगितलं तेच. चीनच्या शिनच्यांग भागात १९८० नंतर सरकारनं भोरड्यांसाठी दगड-विटांची घरटी बांधून दिली, टोळ खाण्यासाठी. तिकडं ज्याच्यासाठी घर बांधतात, त्याच पाखराला मी इख घातलं होतं.

२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीच्या काळात विदर्भात टोळधाड आली. अमरावती, वर्धा, नागपूर. टीव्हीवर लोक थाळ्या, डबे वाजवून टोळ हाकलत होते. आमचा जुना हाकारा मला त्यात ऐकू आला. माझ्या आजीनं टोळधाड पाहिली होती, सूर्य झाकायचा म्हणायची. मे महिना, त्यामुळं भोरड्या तेव्हा त्यांच्या मुलखात पिलांना भरवत होत्या, टोळच भरवत होत्या. इथं असत्या तरी एवढ्या धाडीला पुरल्या असत्या असं नाही. पण वहीत त्या दिवशी मी लिहिलं आहे: "आपल्या राखण्या घरी गेलेल्या असताना चोर आला."

आता ज्वारीचं. १९९० नंतर खरिपात सोयाबीन आलं आणि हायब्रीड ज्वारी गेली. उजनी १९८० ला झालं, पुढं सीनेवर कोळेगावचं धरण झालं, बोअर झाले, आणि पाणी पोचेल तिथं ऊस झाला. राज्यातली ज्वारी साठ सालच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली. कारणं सगळी खरी आहेत. ज्वारी उपटायची, बांधायची, कणसं खुडायची, मळायची. एवढं राबायला माणसं मिळत नाहीत. ऊस कारखाना नेतो. सोयाबीन मशीननं निघतं आणि पाखरू त्याच्याकडं बघतही नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात ज्वारीची भाकरी डॉक्टर सांगतात म्हणून खातात. हे चांगलंच आहे. पण मी शिवाराची अडचण सांगतो.

मघाशी मी लाट सांगितली. पाचशे एकरांत दहा हजार पाखरं. आता आमच्या शिवारात ज्वारी फार तर पंधरा एकर, तीही तुकड्या-तुकड्यांनी. पाखरं पूर्वीइतकी नसतील, पण पाच एकर ज्वारीला हजार पाखरं पुरून उरतात. जो पेरतो त्याचं सगळंच जातं. मग तो पुढच्या वर्षी पेरत नाही. मग उरलेल्या चार एकरांवर तीच हजार. मग तोही सोडतो. पीक असं गावातून जातं. सगळ्यांनी पेरलं तर सगळ्यांना परवडतं, एकट्यानं पेरलं तर एकटा बुडतो. पूर्वी पाखरांचं बलुतं गाव मिळून देत होतं. आता गाव त्यातून निघून गेलं आणि बलुतं एकट्या-दुकट्याच्या अंगावर आलं. ८६ ला माझ्या शेतात दुष्काळानं जे केलं, तेच आता उसानं आणि सोयाबीननं सगळ्या शिवारात केलंय. भोरडीचा त्यात दोष नाही. तिला वाटण्या कळत नाहीत.

मुलगा म्हणतो, "आप्पा, ज्वारी दुकानातून आणू, वीस गुंठ्यात काय राहिलंय?" त्याचा हिशोब बरोबर आहे, मी त्याच्याशी भांडत नाही. फक्त वीस गुंठे माझे ठेव म्हणालो. त्यात मालदांडी आणि कडंला गूळभेंडी करतो. मध्ये लोखंडी पाइपांचा माळा केलाय, गुडघे दुखतात म्हणून त्याला शिडी. पौषात सकाळ-संध्याकाळ वर बसतो. अंबाडीची गोफण मिळत नाही, नायलॉनच्या दोरीची मीच वळली. तिचा आवाज तसा येत नाही. गेल्या दोन वर्षांत शेजारच्या दोघांनी पुन्हा दहा-दहा गुंठे ज्वारी पेरली, कडब्यासाठी. मी त्यांच्याकडं हाकारा टाकतो. एक उचलतो, दुसरा मोबाइलवर असतो. तरी पाखरं तीन ठिकाणी फिरतात, तेवढं माझं कमी जातं.

राखतो ते खरंच राखतो, तुकोबांसारखा डोळे मिटून बसत नाही. दाणा मलाही पाहिजे. पण सगळं राखायचं नाही हे आता कळलंय. ओढ्याकडच्या चार ओळींकडं गोफण टाकत नाही. त्या आईच्या खड्ड्याच्या बाजूच्या आहेत.

फाल्गुनात जायच्या आधी भोरड्यांचा रंग उजळतो. आल्या तेव्हाची मातकट पोरंही त्यातली काही गुलाबी धरायला लागलेली असतात. बालाघाटाच्या उतारावर पळस पेटलेला असतो, त्यात बसून मध पितात, चोच आणि कपाळ परागानं पिवळं होतं. मग एका सकाळी तलाव गप्प. त्या दिवसाचीही तारीख वहीत असते. अजून एक गोष्ट मी दर वर्षी शेवटच्या पानावर लिहितो: ज्वारी किती गुंठे, किती पायल्या झाली, आणि अंदाजे किती गेली. गेली याच्यापुढं मी "नुकसान" असा शब्द लिहायचो. आईचं वर्षश्राद्ध झालं त्या सालापासून तिथं "पाव्हणे" असं लिहितो.

यंदाचा पोळा झाला. तीन संध्याकाळी भरावावर बसून आलो, अजून धूर दिसला नाही. पाऊस उशिरापर्यंत लांबला आहे, कदाचित म्हणून. उद्या पुन्हा जाईन. मालदांडीचं बियाणं मी काढून ठेवलंय.